फुलांशिवायचा मध

१२ जुलै

धाकट्या,

आशीर्वाद. खुशाली शेवटी विचारते, आधी काम.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू नुसतं ‘हो ताई, हो ताई’ म्हणतोस आणि मध्येच तुझी रेंज जाते. ती नेमकी माझ्या प्रश्नाच्या वेळी कशी जाते, हेही एकदा तपासायचं आहे. कागदाची रेंज जात नाही. तेव्हा उत्तर कागदावरच दे.

दोन आठवड्यांपूर्वी तू पाठवलेला मध काळा आहे. पिवळा नाही, लालसर नाही, काळा. तुझे दाजी म्हणाले, गॅरेजमध्ये तेल बदलताना असाच रंग दिसतो. चव करपवलेल्या साखरेसारखी आणि मागून राळेचा वास. मी तरी बाटल्या भरून मांडल्या, कारण आजवर तुझ्या मालाला नावं ठेवायची वेळ आली नव्हती. तिसऱ्या दिवशी समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई उघडलेली बाटली घेऊन आल्या. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी असताना म्हणाल्या, “बाई, एवढी वर्षं डोळे मिटून घेतला हो तुमचा मध. आता डोळे उघडावे लागले.”

मी त्याच दिवशी मध तपासायला दिला. निकाल आला आहे : ‘परागकण जवळजवळ नाहीत. फुलांपासून मिळालेला मध म्हणून विकता येणार नाही.’ साखर घातली आहे की नाही, ते तिथे कळत नाही म्हणाले.

मध फुलांचा नाही, तर कशाचा?

आणखी एक. माल आणणारा गाडीवाला म्हणाला की तुझ्या शेडमध्ये साखरेची दोन रिकामी पोती पडलेली त्याने पाहिली. मी विचारलं नव्हतं. त्याने आपणहून सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

गल्ल्याच्या वर बाबांनी पाटी लावली, तेव्हा तू शाळेतही जात नव्हतास. ‘आमच्या मधात साखर सापडली तर दुकान कायमचं बंद.’ ती पाटी आजही भिंतीवर आहे आणि मी ती काढणार नाही. सापडली, तर कुलूप लावीन. मग तू तुझा मध कुणाला विकायचा ते तू बघ.

पोती कसली, ते लिही. प्रकृती सांभाळ.

ताई

१९ जुलै

ताई,

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग चिडलो. एवढी वर्षं तुला मध देतोय, आणि एक गाडीवाला तिरकं बघतो म्हणून मी चोर?

पोती भुशाची आहेत. पेट्या उघडताना धूर करायला भुसा लागतो. आमच्याकडे तो साखरेच्या जुन्या पोत्यांत भरून येतो. एवढंच.

मध काळा का, ते मलाही कळलेलं नाही, हे मात्र खरं. खोटं कशाला सांगू? मे संपता संपता इथली फुलं संपली. आता चारही बाजूंना फक्त स्प्रूसची झाडं. सुईसारखी पानं, वरपासून खालपर्यंत हिरवी, फुलाचा पत्ता नाही. या दिवसांत पेट्या हलक्या व्हायला हव्यात. उलट उचलवत नाहीत इतक्या जड होतायत.

माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. हसू नकोस, पण मी हिच्यावर संशय घेतला. वाटलं, माझं ओझं हलकं करायला ही चोरून पाक घालतेय की काय. म्हणून स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्याला आतून पेन्सिलीने खूण केली. संध्याकाळी बघतो, तर माझ्या खुणेखाली हिने दुसरी खूण केली होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘ही तुमच्या चहाची.’ दुसऱ्या दिवशी चहात मीठ होतं. तेव्हापासून डब्याकडे बघत नाही.

आता माश्यांवर पाळत ठेवतो. भल्या सकाळी, दहिवर असतं तोवर, त्या झुंडीने स्प्रूसच्या फांद्यांत शिरतात. ऊन चढलं की सगळं शांत. बिनफुलाच्या झाडात त्यांचं काय काम आहे, ते शोधून काढतो आणि कळवतो.

दाजींना नमस्कार. तेलाचं त्यांना सांगायला नको होतंस.

तुझा धाकटा

२५ जुलै

धाकट्या,

भुसा? गाडीवाल्याने पोत्याच्या शिवणीत बोट घातलं होतं आणि ते चाटलं होतं. नुसती साखर, भुशाचा कणही नाही. भुसा गोड लागतो का? हे मी मुद्दाम पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. तू काय लिहितोस ते आधी बघायचं होतं. बघितलं.

मी शास्त्राची पदवीधर आहे, हे तू सोयीस्करपणे विसरतोस. प्राणिशास्त्र माझा मुख्य विषय होता, पण वनस्पतिशास्त्रातही मी पास झाले होते. स्प्रूससारख्या झाडांना शंकू येतात. मध द्यायला त्यांच्याकडे काही नसतं. ‘सकाळी माश्या झाडात शिरतात’ हे ऐकायला छान वाटतं. पोरांना झोपवताना सांगावं तसं.

बायकोवर संशय घेतल्याची गोष्टही तू मला हसवायला लिहिलीस. मी हसले नाही. मला त्यात एवढंच दिसलं की तुझ्या घरात साखरेवर पाळत ठेवायची गरज पडते.

काळ्या मधाच्या बाटल्या मी मांडणीवरून काढून मागच्या खोलीत ठेवल्या आहेत. विचारणाऱ्याला ‘संपला’ सांगते. या दुकानात मी पहिल्यांदा खोटं बोलते आहे, आणि तुझ्यामुळे.

पोती कसली? पुन्हा विचारणार नाही.

ताई

३ ऑगस्ट

ताई,

सापडलं! पोत्यांचं नंतर, आधी हे वाच.

झाडाखालच्या दगडांवर, गवतावर चकाकी दिसत होती, रोगण लावल्यासारखी. बोट लावलं तर चिकट. चाटलं तर गोड. (गाडीवाल्याकडून हेच शिकलो.) वर बघितलं, तर फांद्यांवर मुंगळ्यांची ये-जा चालली होती. शिडी लावून चढलो.

फांदीच्या खालच्या बाजूला, कोवळ्या सालीवर, काळपट तपकिरी किडे दाटीवाटीने बसले होते. शेतात कोबीवर पडतो तो मावा तुला माहीत आहे. हा तोच प्रकार, पण त्याचा थोरला भाऊ म्हण. मिऱ्याच्या अर्ध्या दाण्याएवढा, लांब तंगड्यांचा. सगळ्यांची डोकी एकाच दिशेला आणि सोंड सालीत खुपसलेली. लांबून पाहिलं तर फांदीला खरूज झाल्यासारखी वाटते. हात जवळ नेला की सगळे एकदम तंगड्या झाडतात, आणि फांदी शहारल्यासारखी दिसते.

आणि ते झाडाचा रस पितात, पितात, आणि पचत नाही तेवढा मागून थेंबाथेंबाने सोडून देतात. पारदर्शक, गोल, टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. मुंगळा येतो, मिशीने पाठीवर टकटक करतो, थेंब मिळाला की पिऊन पुढच्याकडे जातो. दूधवाला घरोघर फिरतो तसा, फक्त उलटा. उरलेला रस पानांवर पडतो, आणि सकाळी दहिवराने ओला असतो तोवर माझ्या माश्या तो चाटून नेतात. ऊन लागलं की तो वाळतो, म्हणून दुपारी शांत!

एक मादी विताना पाहिली, ताई. अंडं नाही, जिवंत पोर. पाय आधी, डोकं शेवटी. पडल्याबरोबर ते पोर चालायला लागलं आणि आईशेजारी सोंड खुपसून बसलं. मी शिडीवर इतका वेळ होतो की ही खाली येऊन म्हणाली, “उतरता, का जेवण वर पाठवू?”

तू प्राणिशास्त्रवाली, तूच बघ. फांदीचा तुकडा किड्यांसकट बरणीत घालून, झाकणाला सुईने भोकं पाडून, पोस्टाने पाठवतोय. गाडीवाल्याच्या हाती देत नाही. तो बरणीतही बोट घालील.

तुझा धाकटा

१४ ऑगस्ट

धाकट्या,

बरणी मिळाली. दाजींच्या समोर उघडली, म्हणजे साक्षीदार असावा.

आत काय होतं ते लिहिते. फांदीचा एक वाळलेला, चिकट तुकडा. तळाशी पांढरा चुरा. आणि एक करडी, नारिंगी ठिपक्यांची, लठ्ठ, काटेरी अळी, कुजक्या लाकडात असते तशी. मावा एकही नाही. जिवंत नाही आणि मेलेलाही नाही. भिंगाने बघायचं मनात आलं होतं. पण जे डोळ्यांना दिसत नाही ते भिंगाला कुठून दिसणार?

दाजी म्हणाले, “फांदी पाकात बुडवली आणि वरून पिठीसाखर भुरभुरली.” मी त्यांना गप्प केलं. पण माझ्याही मनात तेच आलं होतं.

एक गोष्ट मानून चालते, केवळ वादासाठी. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मग मी गिऱ्हाइकांना काय सांगू? ‘साखर नाही हो, किड्यांच्या मागून पडलेलं आहे’? हे सांगून डॉक्टरीणबाईंना बाटली परत घ्यायला लावू? धाकट्या, खोटं बोलायचं तर निदान विकता येईल असं बोलावं.

बरणीचं झाकण पुन्हा घट्ट लावून ती मागच्या खोलीत सर्वांत वरच्या फळीवर ठेवली आहे. पुरावा म्हणून.

आणि पोत्यांचं ‘नंतर’ अजून आलेलं नाही.

ताई

२१ ऑगस्ट

ताई,

बरणी भरताना त्यात साठ-सत्तर तरी किडे होते. हिच्या डोळ्यांदेखत भरली. ते कुठे गेले, मला माहीत नाही. देवाशपथ माहीत नाही.

पोती साखरेची आहेत. भुसा म्हणालो ते खोटं.

आता नीट वाच. गेल्या हिवाळ्याआधी आणली होती ती. थंडीत फुलं नसतात, माश्या पेटीतच बसून राहतात. आपण त्यांचा मध काढून घेतो, म्हणून हिवाळ्यापुरता त्यांना साखरेचा पाक करून द्यावा लागतो. सगळे मधपाळ देतात. तो पाक त्याच खातात, तुझ्या बाटलीत त्यातला थेंब येत नाही. तुला आजवर सांगितलं नाही, कारण त्या पाटीखाली बसून तू ‘साखर’ एवढाच शब्द ऐकशील आणि पुढचं ऐकणार नाहीस, हे मला माहीत होतं. माझं चुकलं, सांगायला हवं होतं.

यंदा तर पाक द्यावाच लागेल. वसंतातला सगळा फुलांचा मध तुझ्याकडे आलाय आणि पेट्यांत हा काळाच उरलाय. ही म्हणते, तिच्या माहेरच्या भागात हिवाळ्याआधी काळा मध पेटीतून काढूनच घेत. माश्यांना तो थंडीत सोसत नाही, पोट बिघडतं.

रागावू नकोस.

धाकटा

२८ ऑगस्ट

धाकट्या,

आधी पोती भुशाची होती, आता ती साखरेची झाली, पण साखर निरुपद्रवी झाली. पुढच्या पत्रात ती औषधी होईल.

मध बनवणाऱ्या माशीला मध सोसत नाही आणि साखर मात्र सोसते, हे मी या वयात ऐकते आहे. ज्या मधाला तुझ्या माश्याच नाक मुरडतात, तो तू मला विकायला पाठवलास?

आरडाओरडा न करता प्रयोग करू. मला प्रयोग समजतो. या हिवाळ्यात तुझ्या फाटकातून साखरेचा एक दाणा आत येणार नाही. माश्यांनी त्यांचा तो काळा मध खावा. गाडीवाला रिकामे डबे पोचवायला येईल तेव्हा शेड उघडून बघेल, मी त्याला तसं सांगितलं आहे. पुढच्या उन्हाळ्यात, साखर कुठेच नसताना, पुन्हा असाच मध आला, तर मी मानीन की तुझे किडे आहेत. तोवर बाटल्या मागच्या खोलीत राहतील.

हे मान्य नसेल तर तसं स्पष्ट लिही. मग मी दुसरा मधपाळ शोधते, आणि तू दुसरी बहीण शोध.

ताई

४ सप्टेंबर

ताई,

मान्य.

एक दाणा येणार नाही.

धाकटा

१७ नोव्हेंबर

धाकट्या,

दोन महिन्यांत तुझी एक ओळ नाही. तुझ्या दोन ओळींच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं, पण इथे पहिलं कडक थंडीचं वारं सुटलं आणि तुझी आठवण झाली. स्वेटर पाठवते आहे. बाह्या लांब वाटल्या तर दुमड, उसवू नकोस.

गाडीवाला परवा येऊन गेला. म्हणाला, शेड झाडून लख्ख आहे, साखरेचा मागमूस नाही, स्वयंपाकघरातसुद्धा डबा पालथा घातलेला दिसला. खरं सांगू, हे ऐकून बरं वाटलं आणि लगेच खटकलंही. एवढं स्वच्छ? घरात चहापुरतीही साखर नाही? तपासणीसाठी मांडून ठेवल्यासारखं वाटतं. त्याला मी स्वयंपाकघरात जायला सांगितलं नव्हतं. त्याला आत कोण घेऊन गेलं?

डॉक्टरीणबाई आता कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानातून मध घेतात. मी त्यांना जाताना पाहते. त्या माझ्याकडे पाहत नाहीत.

ताई

१० डिसेंबर

ताई,

स्वेटर मिळाला. बाह्या बरोबर आहेत.

गाडीवाल्याला आत हीच घेऊन गेली. सगळे डबे उघडून दाखवले, आणि म्हणाली, “उशीही उसवून बघा, नाहीतर वन्सं विचारतील.”

मावा आता दिसत नाही. पानांवर काळी, चकचकीत, बारीक अंडी एका रांगेत चिकटवलेली दिसतात. उन्हाळाभर जिवंत पोरं जन्माला घालणारी जात थंडीआधी अंडी घालून मोकळी होते. ती तशीच थंडीत उघड्यावर राहणार. मी रोज एका फांदीपाशी जाऊन बघून येतो. तेवढंच काम आहे सध्या.

पेट्या शांत आहेत. जरा जास्तच शांत आहेत. बघू.

धाकटा

३ मार्च

धाकट्या,

हे पत्र बसून, सावकाश वाच. मीही बसूनच लिहिते आहे.

आज मागची खोली धुवायला काढली. शिडीवर चढून सर्वांत वरची फळी रिकामी करताना तुझी बरणी हाती आली. टाकून देणार होते. झाकण उघडलं तर आतल्या बाजूला एक सुकलेलं, फाटलेलं टरफल चिकटलं होतं. तळाशी एक किडा मरून पडला होता : लाल पाठ, वर काळे ठिपके. ढालकिडा. आपण लहानपणी तो बोटावर चढवून उडायची वाट बघायचो, तोच.

ती काटेरी अळी लाकडातली नव्हती. ढालकिड्याचं पिल्लू होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी त्याची आकृती काढली होती, आणि सरांनी वही वर्गभर फिरवून सगळ्यांना दाखवली होती. ते पिल्लू एकच गोष्ट खातं. मावा. साखरेला तोंड लावत नाही. तुझ्या फांदीवर ते चुकून बसलेलं असणार, आणि पोस्टात तेवढे दिवस बरणी बंद असताना त्याने तुझे साठ-सत्तर साक्षीदार एकेक करून फस्त केले. मी बरणी उघडली तेव्हा ते लठ्ठ होतं, हे मीच तुला लिहिलं होतं. कशाने लठ्ठ झालं, हे मात्र स्वतःला विचारलं नाही.

मग भिंग घेतलं, जे तेव्हा घ्यायला हवं होतं. तो पांढरा चुरा कागदावर पसरला. पिठीसाखर नव्हे. काती होत्या. वाढताना मावा कात टाकतो. प्रत्येक कातीला सहा पाय, दोन मिशा. मी त्या मोजत बसले नाही. दाजींना बोलावून दाखवल्या. ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे पिठीसाखर मी म्हणालो होतो. तू नव्हतीस.” मी म्हटलं, “लिहिलं मी होतं.”

प्रयोग थांबव. उन्हाळ्याची वाट बघायची गरज नाही. माश्यांना जे द्यायचं असेल ते दे. पेट्या कशा आहेत, उलट टपाली कळव.

ताई

४ मार्च

वन्सं,

नमस्कार. हे लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. यांना ठाऊक नाही. कळलं तर रागावतील, पण गेल्या महिन्यापासून हे रागावतही नाहीत, तेव्हा ते परवडेल.

परवा पहिलं उबदार ऊन पडलं, म्हणून पेट्या उघडल्या. सात पेट्यांत माश्या आहेत. बाकी सगळ्या मेल्या आहेत. पेट्यांच्या तोंडांवर आणि चौकटींवर तपकिरी ओघळ होते. तो काळा मध त्यांना थंडीत पचला नाही. थंडीत त्या बाहेर पडू शकत नाहीत, स्वच्छता पाळणारी जात, आतल्या आत कोंडून राहिल्या आणि आपल्याच घरात घाण होऊन मेल्या. राणीभोवती शेवटचा घोळका तसाच बसलेला होता. हात लावला की गळून पडत होता.

यांनी तुम्हाला ऑगस्टात लिहिलं होतं की तो मध सोसत नाही. मी समोर बसून लिहायला लावलं होतं. तुमचं उत्तर आलं तेव्हा मी म्हटलं, “वन्संना काय कळतंय पेटीतलं! अर्धं पोतं आणा, मी पलंगाखाली ठेवते, त्या गाडीवाल्याच्या बापाला सापडणार नाही.” हे म्हणाले, “एकदा लपवलं, तेव्हा काय झालं ते बघितलंस ना? आता मान्य म्हणून लिहिलंय.” मी म्हटलं, “मग उघड आणा आणि भांडा.” म्हणाले, “ताईशी भांडता येत नाही. तिला खरं करून दाखवावं लागतं.”

घरातही साखर आणू दिली नाही. सप्टेंबरपासून आम्ही बिनसाखरेचा चहा पितो. मला सवय झाली. यांना नाही झाली, तोंड वाकडं होतं, पण पितात.

यांच्या चुका मला माहीत आहेत. भुसा म्हणाले तेव्हा मी त्यांना चांगलं झाडलं होतं. पण हा माणूस चोर नाही, हे तुम्हाला माझ्या आधीपासून माहीत असायला हवं होतं. मी पंधरा वर्षांपूर्वी आले. तुम्ही त्याला चालायला शिकवलंत.

फांद्यांवरची ती काळी अंडी मात्र जिवंत आहेत. हे रोज सांगतात.

आपली,
भावजय

९ मार्च

धाकट्या,

तुमच्या पत्राची आणि माझ्या पत्राची वाटेत चुकामूक झाली. तुझ्या बायकोला सांग, पत्र मिळालं, आणि तिने लिहिलं ते बरोबर आहे. तिला रागावू नकोस. पत्र कसं लिहावं ते तिच्याकडून शिक. तू सप्टेंबरात दोन ओळींत मान्य म्हणालास, त्याऐवजी तिच्यासारखं लिहिलं असतंस, तर कदाचित मी ऐकलं असतं. कदाचित नसतंही. तो भाग माझा आहे, तुझा नाही.

माफी मागायची मला सवय नाही. काय केलं आहे तेवढं लिहिते.

बाबांची पाटी तशीच ठेवली आहे. साखर सापडली नाही, तेव्हा ती काढायचं कारण नाही. तिच्याखाली दुसरी लावली आहे, माझ्या अक्षरात : ‘हा काळा मध फुलांचा नाही. स्प्रूसच्या फांद्यांवर मावा नावाचे किडे असतात, ते झाडाचा रस पिऊन जो गोड थेंब टाकतात, तो मधमाश्यांनी गोळा करून केलेला हा मध आहे. ज्यांना किळस येईल त्यांनी घेऊ नये.’ दाजी म्हणाले, शेवटचं वाक्य काढ, गिऱ्हाईक पळेल. मी म्हटलं, पळू दे, पण कळून पळू दे.

मागच्या खोलीतल्या सगळ्या बाटल्या पुन्हा मांडल्या. मग एक बाटली घेऊन मी रस्ता ओलांडून दवाखान्यात गेले. गर्दी होती. मीही रांगेत बसले. माझी पाळी आल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय होतंय?” मी बरणी, भिंग आणि काती टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, “हे होतंय.” त्यांनी बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं, बाहेरचे पेशंट कुरकुर करायला लागले तोवर. मग म्हणाल्या, “बाई, मला आवडला होता हो तो. म्हणूनच राग आला होता.” बाटली ठेवून घेतली. बाकीच्यांचं अजून सांगता येत नाही. काही जण पाटी वाचून नाक दाबून जातात. एक गृहस्थ केवळ पाटी दाखवायला बायकोला घेऊन आले होते.

आता तुझ्या सात पेट्यांचं. वसंतातल्या फुलांच्या मधाचे न विकलेले डबे माझ्याकडे होते, ते सगळे परत पाठवते आहे. तो त्यांचाच आहे, त्यांना सोसेल. या सातांतून पुन्हा पेट्या वाढवायला किती वर्षं लागतात, ते मला माहीत नाही. आता विचारून घेईन. जी लागतील ती लागोत. तोवर तुझ्या मधाला दुकानात जागा राहील, बाटली एक असली तरी.

मे महिन्यात मी स्वतः येते आहे. ती अंडी फुटलेली मला बघायची आहेत. शिडी तयार ठेव. ती धरायला तू उभा राहा, तुझ्या बायकोला सांगू नकोस. ती सोडून देईल, आणि तिचं चुकणार नाही.

याच गाडीने साखरेची चार पोती येत आहेत. गाडीवाल्याला बजावलं आहे की ताडपत्री घालायची नाही. तूही ती शेडच्या मागून आत नेऊ नकोस. दिवसाउजेडी, फाटकासमोर उतरव, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसू देत. कुणी विचारलं तर सांग, ताईने पाठवली.

आणि पहिलं पोतं उघडलंस की पेट्यांकडे जायच्या आधी स्वयंपाकघरात जा. डब्यात पेन्सिलीच्या दोन खुणा असतील. वरच्या खुणेपर्यंत भर.

ताई